डावा कौल आणि आमची आत्या

अख्ख्या ठाणे जिल्ह्यात देवाला आमच्या आत्याइतकं कुणी कामाला लावलं नसेल, हे मी पैजेवर सांगतो. बाकीचे लोक काय करतात, वर्षातून एकदा नवस बोलतात, सणावाराला नारळ फोडतात, संपलं. आत्याचं तसं नाही. नौपाड्याच्या तळ्याकाठी देवीचं एक बुटकं देऊळ आहे, वाकून आत जावं लागतं, आणि त्या देवीला विचारल्याशिवाय आत्या पाऊल उचलायची नाही. विचारायचं म्हणजे कौल लावायचा. गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांवर पाण्यात भिजवलेली एकेक पाकळी चिकटवतो, आपण प्रश्न सांगायचा आणि टक लावून बसायचं. उजवी आधी पडली की हो, डावी पडली की नाही. इतर लोक लग्नाला, जमिनीला, फार तर कुणी अंथरुणाला खिळलं तर कौल लावतात. आत्या कौल लावायची वांग्यांना. पापड आज घालू की पुढच्या बुधवारी. शेजारच्या काकूंनी नेलेली लोणच्याची बरणी मागू की अजून आठ दिवस थांबू. एकदा घरात उंदीर फार झाले तर ही देवीला म्हणाली, "मांजर पाळू की सापळा आणू?" गुरव बिचारा हात जोडून म्हणाला, "आत्याबाई, हो-नाहीचं विचारा हो. देवी मांजर कुठून सांगणार?" मग आत्याने एका प्रश्नाचे दोन केले. दोन्ही वेळा उजवी पडली! म्हणून घरात मांजरही आलं आणि सापळाही आला, पहिल्याच दिवशी मांजराची शेपटी सापळ्यात सापडली, आणि ते मांजर जे बोंबलत पळालं ते परत नौपाड्यात दिसलं नाही. उंदीर मात्र राहिले. आत्या म्हणाली, "देवीचं काही चुकलं नाही. मांजरालाही विचारायला हवं होतं."

दिसायला आत्या ठेंगणी, रुंद, लाल अलवणातली, वय पन्नाशीच्या आतबाहेर. आवाज असा की ती परसात उभी राहून बोलली तर स्टेशनावरचा पोर्टर मान वर करायचा. आगगाडीत ती जन्मात बसलेली नाही. "इतक्या घाईने पोचून तिथे करायचंय काय?" असं विचारायची. पण घरातलं सगळं घड्याळ त्याच आगगाडीवर चालायचं. कल्याणची गाडी शिट्टी घालून गेली की परसातून हुकूम, "भात उतरवाऽऽ!" मुंबईची गाडी आली की, "डाळीला फोडणी द्याऽऽ!" एकदा कल्याणची गाडी दीड तास उशिरा आली. आई चुलीपुढे उभी राहून म्हणते, "वन्सं, भाताची खळ झाली हो," आणि आत्या परसातून, "शिट्टी झाली का? नाही ना? मग झाला नाही भात!" त्या दिवशी आम्ही भात वाटीने प्यायलो.

आणि हो, तिची तिसरी खोड सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. रिकामे हात तिला बघवायचे नाहीत. स्वतःचे नाहीतच, पण दुसऱ्याचे तर मुळीच नाहीत. आमच्याकडे कुणीही आलं, कितीही मोठं माणूस असो, बसल्या जागी त्याच्या पुढ्यात सूप तरी यायचं नाही तर भिजवलेले वाल तरी. माझे बाबा कोर्टात कारकून, त्यामुळे घरी माणसं सारखी यायची. एकदा मामलेदार कचेरीचा पट्टेवाला चांगला लाल पट्टा-बिट्टा लावून, मिशीला पीळ देऊन बाबांना निरोप सांगायला आला. बाबा देवघरात होते. पंधरा मिनिटांनी बाहेर येऊन बघतात तर पट्टेवाला ओटीवर मांडी ठोकून बसलाय, पट्टा बाजूला ठेवलाय, आणि तो वाल सोलतोय. आत्या त्याला सांगतेय, "नख लावू नका, चिमटीत दाबा, आपोआप निघतो." जाताना त्याने बाबांना निरोप सांगितलाच नाही, विसरला. दुसऱ्या दिवशी परत आला, आणि आल्या आल्या म्हणाला, "आज काय आहे, आत्याबाई?"

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, मजेशीर बाई. आहेच. पण आत्याचं लग्न झालेलं आठव्या वर्षी आणि चार महिन्यांत नवरा गेलेला. तेव्हापासून ती माहेरीच. बाबा तिच्याहून पाच वर्षांनी लहान, त्यांना तिने कडेवर वाढवलं. ते तिला अक्का म्हणतात आणि कोर्टात ज्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नाही त्या बाबांना ती अजून बाळ म्हणते. आमच्या घरात तिला कुणी कधी दुखावलं नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. पण घर बाबांचं, स्वयंपाकघर आईचं, मुलं आम्ही त्या दोघांची. तिचं म्हणावं असं काय, तर ती देवी आणि तिच्या खांद्यावरच्या त्या दोन पाकळ्या.

आता खरी गोष्ट. मी तेव्हा नुकताच आमच्या गावच्या शाळेत दुय्यम मास्तर म्हणून लागलेलो. एकोणीस वर्षांचा होतो, पागोटं डोक्यावर धड बसायचं नाही. आमच्या शाळेत बरीच पोरं खाडीकाठच्या आगरी घरांतली, आईबाप मिठागरावर कामाला. पावसाळ्यात, थंडीत ठीक चालायचं. पण चैत्र लागला की ऊन असं पेटतं की शाळा सकाळची करावी लागते, दहा-साडेदहाला सुटते. आणि मिठाचा खरा हंगाम नेमका तोच! आईबाप पहाटे आगरावर गेलेले, ते दिवेलागणीला परत यायचे. मधले सात-आठ तास पोरं मोकळी. कुठे जाणार? खाडीवर. आदल्या वर्षी ओहोटीच्या वेळी दोन पोरं चिखलात कमरेपर्यंत रुतली, दोर टाकून चार माणसांनी ओढून काढली. पोरं निघाली, एकाची चड्डी अजून तिथेच आहे. त्यानंतर आयांनी सरळ सांगितलं की हंगामात पोरं आमच्यासोबत आगरावर येतील. आणि एकदा आगरावर गेलेलं पोर शाळेत परत येत नाही, हे आम्हाला चांगलं माहीत होतं, तिथे त्याच्या हाताला काम लागतं आणि मग तो हात पाटीला लागत नाही.

म्हणून शाळा कमिटीने ठरवलं की शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत पोरं शाळेच्याच पडवीत ठेवायची आणि त्यांच्यावर एक पोक्त माणूस नेमायचं. पगार नावापुरता. पहिला माणूस मिळाला तो पलटणीतून पेन्शन घेतलेला शिपाई. त्याने पहिल्या दिवशी पोरांना कवाईत शिकवली, दुसऱ्या दिवशी पहारा कसा द्यायचा ते शिकवलं, आणि तिसऱ्या दिवशी पोरांना आपल्याभोवती पहाऱ्याला उभं करून स्वतः घोरत पडला. दुसरे एक कथेकरी बुवा आले. त्यांनी ध्रुवबाळाचं आख्यान इतकं रंगवून सांगितलं की पोरं हमसून हमसून रडायला लागली, आणि त्यातली तीन ध्रुवासारखी घर सोडून निघाली ती कळव्याच्या वाटेवर सापडली. हेडमास्तर कपाळाला हात लावून बसले. म्हणाले, "अहो, या पोरांना एका जागी बसवील असं माणूस ठाण्यात आहे की नाही?"

आणि माझ्या डोळ्यांपुढे एकदम तो वाल सोलणारा पट्टेवाला आला. मी उभा राहिलो आणि बोलूनच गेलो, "आहे. आमची आत्या."

घरी येऊन सांगितलं तेव्हा जे झालं ते विचारू नका. बाबा जेवत होते, हातातला घास खाली ठेवला. "माझी बहीण नोकरी करणार? उद्या कोर्टात लोक मला काय म्हणतील? एका भावाला एक बहीण जड झाली?"

"मला जड म्हणतोस?" आत्या स्वयंपाकघरातून. "तुला कडेवर घेऊन तळ्याला फेऱ्या मारल्यात मी. तेव्हा कोण जड होतं?"

"तसं नव्हे गं अक्का. लोक—"

"वन्सं, आणि ती सगळी आगरातली पोरं," आई हळूच म्हणाली, "तुमच्या सोवळ्याचं कसं व्हायचं?"

आत्या तडक परसात निघून गेली. मला वाटलं, संपलं. पण थोड्या वेळाने ती माझ्यापाशी आली आणि कधी नव्हे ते खालच्या आवाजात विचारलं, "पोरं किती आहेत रे?" मी म्हटलं सत्तावीस. गेली. परत आली. "सगळ्यात लहान केवढं?" म्हटलं सहा वर्षांचं. गेली. परत आली. "दुपारी भूक लागली तर?" म्हटलं घरून भाकरी आणतात. "आणि ज्याने आणली नाही त्याने?" या वेळी मात्र ती गेली नाही. ती म्हणाली, "मला लिहिता-वाचता येत नाही. मी काय करणार तिथे?" मी म्हटलं, "आत्या, तिथे लिहिणं-वाचणं मी करतो. ते झाल्यावर जे लागतं ना, ते ठाण्यात फक्त तुला येतं." ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या तोंडावर असं काहीतरी होतं जे मी आधी कधी बघितलं नव्हतं, लहान पोराला कुणी खेळायला बोलवावं आणि घरच्यांनी अजून हो म्हटलेलं नसावं, तसं. मग पदर सावरून म्हणाली, "उद्या विचारते."

कुणाला ते सांगायला नकोच.

दुसऱ्या दिवशी देवळात आम्ही तिघं. बाबा एरवी कौलाला हसायचे, "अक्का, तुझं वरचं कोर्ट" म्हणायचे, पण त्या दिवशी स्वतः आले, पागोटं-बिगोटं घालून. गुरवाने पाकळ्या लावल्या. आत्याने नेहमीसारखं खणखणीत आवाजात विचारलं, "आई, शाळा सुटल्यावर पोरं सांभाळायची नोकरी आली आहे. धरू का?" आणि आम्ही बसलो. एरवी पाकळी कशी, घटकाभरात पडते. त्या दिवशी पडेना. बाहेर ऊन चढलं. गुरवाने दोनदा जांभई दिली. बाबांनी पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं. मी उजव्या पाकळीकडे असा बघत होतो की डोळ्यांत पाणी आलं. ती जरा हलली देखील, देवीशपथ हलली! आणि मग डावी पडली.

बाबांनी श्वास सोडला तो मला ऐकू आला. आत्याने कपाळ टेकलं, म्हणाली, "बरं," आणि उठली. घरी येताना आमच्या पुढे झपझप चालत होती. एकदाही मागे बघितलं नाही.

नंतरचे तीन दिवस आमच्या घरात काय झालं माहितीये? काहीच झालं नाही. हेच तर! कल्याणची गाडी शिट्टी घालून गेली, परसातून आवाज नाही, भात करपला. ओटीवर दोन माणसं येऊन नुसती बसून गेली, हातात सूप नाही की काही नाही. आणि आत्या मागच्या पायरीवर हात मांडीवर ठेवून बसलेली. रिकामे हात! आईने घाबरून तिच्यापुढे वाल ठेवले, तर म्हणाली, "ठेव. सोलीन मग." मी हेडमास्तरांना सांगून टाकलं की आत्याचं जमत नाही. त्यांनी पोरांच्या घरी तसं कळवलं.

चौथ्या दिवशी दुपारी आमच्या मागच्या दारी एक बाई आली. मिठागरावरून थेट आलेली, पोटऱ्यांपर्यंत पाय मिठाने पांढरे, आणि बोटाला धरून तिची पोर. सहा-सात वर्षांची. आमच्या शाळेत तेव्हा मुली तीनच होत्या, त्यातली ही एक. पोरीच्या काखेत शाळेची पाटी.

"मास्तर हाय का घरान?" ती म्हणाली. मी पुढे झालो. "ही पाटी तुमची. आमचे पोरीला उंद्यापासून आगरावर न्हेताव. तिकडं माजे डोल्यासमोर तरी राहील. तुमची आत्याबाय नाय बोलली ना?"

तिने हे काही टोचून म्हटलं नाही. नुसतं विचारलं. पण पायरीवर बसलेली आत्या उठली. पोरीपाशी गेली, अंतर ठेवून वाकली आणि म्हणाली, "बघू गं पाटी." पोरीने पाटी दोन्ही हातांनी उचलून दाखवली. आत्या त्या अक्षरांकडे बराच वेळ बघत होती, तिला ती वाचता येत नव्हती. "काय लिहिलंयस?"

"मीठ," पोरगी म्हणाली.

"तू लिहिलंस? एकटीने?"

"हां. त्याचा ठ माना जमत नव्हता. आता जमतंय."

मी पाटी घ्यायला हात पुढे केला. आत्या मला म्हणाली, "तू गप बस." मग पोरीला म्हणाली, "ही घरी ने. आणि उद्या घेऊन ये." पोरीच्या आईला म्हणाली, "उद्या शाळा सुटल्यावर मी आहे पडवीत. तू आगरावर जा निश्चिंत." आणि तशीच, भर उन्हात, अनवाणी, देवळाकडे निघाली.

मी मागे धावलो. गुरव गाभाऱ्याच्या दारात पंचा तोंडावर घेऊन झोपलेला. आत्याला बघून तो दचकून उठला. "आत्याबाई, एका प्रश्नाला दोनदा कौल लागत नाही. रीत नाही ती. देवीचा कोप होतो."

"कौल लावायला कोण आलंय?" आत्या म्हणाली. "मी सांगायला आले आहे."

गुरव तसाच तोंड उघडं ठेवून राहिला. आत्या वाकून आत गेली आणि देवीपुढे उभी राहिली, बसली देखील नाही. आणि तो आवाज! तळ्यावर कपडे धुणाऱ्या बायका हात थांबवून ऐकत होत्या. "आई, मी तुला विचारलं. तू नाही म्हणालीस. मी ऐकलं. चाळीस वर्षं झाली, तू म्हणशील तसं केलं, वांगी लावली, पापड घातले, मांजरसुद्धा आणलं. पण आज मी जाते आहे. तुझं चुकलं असं मी म्हणत नाही, तुझ्याकडे काही कारण असेल. माझ्याकडेही आहे. रागावायचं असेल तर माझ्यावर रागव, पोरांवर नको." नमस्कार केला आणि बाहेर आली. मला म्हणाली, "चल. वाल भिजत घालायचेत. सत्तावीस जणांना पुरायला हवेत."

खरं सांगतो, मी तिच्या मागून चालताना माझी छाती अशी फुगली होती की बंडीचे बंद तुटतील असं वाटलं. आमच्या अख्ख्या आळीत लोक देवाला घाबरतात, मामलेदाराला घाबरतात, एकमेकांना तर सगळ्यात जास्त घाबरतात. आणि ही बाई!

संध्याकाळी गुरव धावत घरी आला. म्हणे, आत्ताच पूजेच्या वेळी कुणी काही न विचारता उजवी पाकळी आपोआप पडली, देवीने हो म्हटलं! बाबा हसून म्हणाले, "रोजचं गिऱ्हाईक जातं की काय म्हणून घाबरलाय तो." आत्या चूल सारवत होती, मान वर न करता म्हणाली, "पडली तर पडली. मी विचारलं नव्हतं."

आणि मग ती पडवी! तुम्ही बघायला हवी होती. पहिल्या दिवशी आत्या एका टोकाला पाटावर बसली, पोरं दुसऱ्या टोकाला, मध्ये वाल. दुसऱ्या दिवशी पाट जरा पुढे सरकला, कारण चिमटीत कसं दाबायचं ते लांबून दाखवता येत नव्हतं. चौथ्या दिवशी मी डोकावलो तर सगळ्यात लहान पोर तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेलं, आणि ती त्याला वारा घालत बाकीच्यांना कुजबुजत दटावतेय. कुजबुजत! आत्या! मला वाटलं कानात काहीतरी बिघाड झाला. वाल संपले की सुंभ वळायचं, ते झालं की पाटीवर सकाळचा धडा दोनदा लिहायचा आणि आत्याला वाचून दाखवायचा. तिला वाचता येत नसल्यामुळे ती प्रत्येक पोराला विचारायची, "हे काय? आणि हे असं का?" आणि पोरं तिला शिकवण्याच्या नादात असं शिकली की माझी मास्तरकी फुकट वाटायला लागली. खाडीकडे एक पोर फिरकलं नाही. घरी जाऊन रोज संध्याकाळी ती विहिरीवर दोन घागरी डोक्यावरून ओतून घ्यायची, मगच आत यायची.

आळीत बोलणं व्हायचं ते झालंच. शेजारच्या काकू, त्याच लोणच्याच्या बरणीवाल्या, ओटीवर येऊन म्हणाल्या, "अक्का, या वयात हे काय आरंभलंत? त्या पोरांना मांडीवर घेता म्हणे. सोवळं उरलं कुठे?"

आत्याने त्यांच्या पुढ्यात आधी सूप ठेवलं. मग म्हणाली, "काकू, तुमच्या सोवळ्यातल्या आमटीत मीठ असतं की नाही?"

"असतं की."

"ते कुणी पायांनी तुडवून, हातांनी ओढून काढलं? याच पोरांच्या आयांनी ना? ते तुमच्या देवाच्या नैवेद्यात चालतं. मग पोर माझ्या मांडीवर का नाही चालत? तांदूळ नीट निवडा, खडे राहिलेत."

काकूंनी तांदूळ निवडले. काय करतील! आणि मला आठवतं, त्या संध्याकाळपासून विहिरीवरच्या दोन घागरींची एक झाली.

फक्त बाबा मात्र गप्प होते. अडवत नव्हते, पण शाळेच्या रस्त्याने जायचे टाळायचे, कोर्टात जाताना तळ्याला वळसा घालून जायचे. जेवताना आत्या पोरांच्या गमती सांगायची, आई हसायची, मी हसायचो, बाबा पानाकडे बघत जेवायचे. आत्याच्या लक्षात येत नव्हतं असं नाही. सांगताना ती मध्येच थांबायची आणि ताक वाढायला उठायची. देवीला सांगून आली होती, पण भावाला सांगणं जमत नव्हतं.

मी आता कल्याणच्या शाळेत बदलून आलोय, आत्या अजून त्या पडवीतच आहे, आणि इथे नवीन लोकांना मी तिची गंमत सांगतो तेव्हा इथपर्यंतच सांगतो. पुढचं सांगत नाही. पण तुम्हाला सांगतो.

हंगाम संपत आला तेव्हा शाळा तपासायला दिपोटी, म्हणजे शिक्षणखात्याचे डेप्युटी साहेब, येणार म्हणून निरोप आला. ते आले की शाळेतल्या सगळ्या नोकरमाणसांची यादी मागतात, नाव, वय, काम. हेडमास्तर वही घेऊन पडवीत आले. बाबाही आलेले, कारण घरातल्या बाईच्या नावाने कागदावर काही लिहायचं तर पुरुषमाणूस हजर हवा, असं हेडमास्तरांनीच मला सांगितलं होतं. बाबा खांबापाशी उभे, पाठमोरे, पोरांकडे न बघता.

"नाव?" हेडमास्तर म्हणाले.

"अक्का," आत्या म्हणाली.

"ते घरातलं. खरं नाव?"

आत्याने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. हेडमास्तरांनी माझ्याकडे बघितलं. आणि मी, तिचा सख्खा भाचा, तिच्या हातचं खाऊन वाढलेला, मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं. आई तिला वन्सं म्हणायची, मी आत्या, आळी अक्का, गुरव आत्याबाई. "लग्नातलं ठेवलेलं नाव असेल ना?" हेडमास्तर म्हणाले. आत्या म्हणाली, "होतं. चार महिने होतं. ते घेणारं माणूसच राहिलं नाही." आणि मग जरा हसून, "त्याच्या आधीचं एक होतं. पण ते आता मी तोंडाने कसं सांगू, मला लाज वाटते. लिहा ना नुसतं अक्का."

हेडमास्तरांचा टाक तसाच वर. तेव्हा खांबापासचे बाबा वळले. त्यांनी आत्याकडे बघितलं, तिच्या मांडीवर झोपलेल्या पोराकडे बघितलं. मग त्यांनी एक नाव सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही, ते तिचं आहे. नदीचं नाव आहे, एवढंच सांगतो. बाबांनी जन्मात कधी ते उच्चारलं नव्हतं, लहान भाऊ कसा उच्चारील? आमचे आजोबा, म्हणजे त्या दोघांचे वडील, त्या नावाने तिला हाक मारायचे, आणि ते जाऊन तीस वर्षं झालेली. बाबांनी ते सांगितलंही तसंच, शेवटचं अक्षर लांबवून, अंगणात लांब खेळणाऱ्या मुलीला घरात बोलवावं तसं.

आणि आत्याने मान वर केली, आणि अगदी बारीक आवाजात ओ दिली.